चिमणाबाई : एक नाव, दोन राण्या आणि आमच्या आज्या



गेल्या आठवड्यात आपल्या समूहावर कुणीतरी वडोद्याच्या न्यायमंदिराचा सुरेख फोटो टाकला होता. खाली माहिती अशी की, ही इमारत महाराणी चिमणाबाईंच्या स्मरणार्थ बांधली. त्यांनी पडदा सोडला, त्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या वगैरे. बऱ्याच जणांनी हात जोडले, कुणी फुलं वाहिली.

फोटो छान, पण माहितीत दोन खाती एकत्र झाली आहेत. न्यायमंदिर १८९६ सालचं. रावपुऱ्यातला घड्याळाचा टॉवरही त्याच वर्षाचा. आणि महिला परिषदेच्या अध्यक्ष झालेल्या चिमणाबाई वारल्या १९५८ साली. माणूस जाण्याआधी बासष्ट वर्षं त्याच्या ‘स्मरणार्थ’ इमारत कशी उभी राहील? तारखा जुळत नसल्या की मला चैन पडत नाही. बँकेत छत्तीस वर्षं काढली, दिवसअखेर ताळा लागल्याशिवाय घरी जायची सवय नाही.

तर चिमणाबाई दोन. दोघीही सयाजीराव महाराजांच्या (तिसऱ्या) राण्या. पहिल्या तंजावरच्या. १८८० साली लग्न होऊन बडोद्याला आल्या. त्यांच्याबरोबर तंजावरहून नाचणाऱ्यांचा आणि वाजवणाऱ्यांचा ताफा आला, म्हणून आपल्या गावात भरतनाट्यम् इतकं जुनं आहे. त्यांचा मुलगा म्हणजे फत्तेसिंगराव. क्षयानं १८८५ साली, अगदी तरुण वयात त्या गेल्या. न्यायमंदिर आणि टॉवर यांच्या आठवणीसाठी. दुसऱ्या देवासच्या, घाटगे घराण्यातल्या. त्याच १८८५ सालच्या डिसेंबरात त्यांचं लग्न झालं. पडदा सोडणं, १९२७ ची पुण्याची महिला परिषद, बायकांच्या हाताला काम देणारं स्त्री उद्योगालय, हे सगळं या दुसऱ्यांचं.

आता मुद्द्याकडे येतो. पहिल्या चिमणाबाईंचं नाव चिमणाबाई नव्हतं. दुसऱ्यांचंही नव्हतं.

पहिल्यांचं माहेरचं नाव लक्ष्मीबाई. दुसऱ्यांचं गजराबाई. सासरी दोघींना एकच नाव मिळालं. मे महिन्यात एक चिमणाबाई गेल्या आणि डिसेंबरात दुसऱ्या चिमणाबाई आल्या. जागा रिकामी झाली, त्या जागेवर नवीन नेमणूक झाली, आणि नाव जागेबरोबरच आलं. ऐकायला कठोर वाटेल, पण मला त्यात तसंच दिसतं. लोक दोघींचा घोळ करतात यात लोकांचा दोष थोडा आहे. घोळ होईल अशीच व्यवस्था केलेली होती.

कुणी म्हणेल, महाराजांचंही नाव बदललंच की. बरोबर आहे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे गोपाळराव १८७५ साली दत्तक येऊन सयाजीराव झाले. पण फरक बघा. कवळाण्याचा गोपाळ बडोद्याचा राजा झाला ही गोष्ट आपल्या गावातलं शाळकरी पोरही सांगतं. ती अभिमानानं सांगायची गोष्ट आहे, मागचं नाव पुसलेलं नाही, उलट त्यामुळेच गोष्टीला रंगत येते. गजराबाईंची चिमणाबाई झाली, हे आपल्यापैकी कितींना ठाऊक होतं? १९११ साली त्यांनी मित्र नावाच्या एका गृहस्थांबरोबर हिंदी स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्यावर लेखिका म्हणून काय छापलं आहे? ‘बडोद्याच्या महाराणी’. गजरा नाही आणि चिमणाही नाही.

नाव मात्र गोड आहे, हे कबूल करायलाच हवं. चिमणा म्हणजे छोटा, लहानगा. चिमणाजी, चिमाजी त्यातलेच. थोरल्या बाजीरावांच्या पाठचे चिमाजीअप्पा, कोल्हापूरच्या छत्रपतींचे धाकटे बंधू चिमासाहेब. घरातल्या धाकट्याला हे नाव शोभायचं. चिमणी, चिमुकली, चिमुरडी ही सगळी याच घरातली मंडळी. लेकीला ‘चिमणे’ म्हणून हाक मारली नाही असं मराठी घर सापडायचं नाही. म्हणजे मुळात हे नाव माहेरच्या तोंडचं. आणि मिळायचं कुठे, तर सासरी! मी यावर पुष्कळ विचार केला. त्या काळी सून घरात यायची तीच बारा-तेरा वर्षांची. परकरातून नुकती बाहेर पडलेली पोर पाटावर बसली आहे, तिला ‘चिमणा’ म्हणावंसं वाटणं स्वाभाविक आहे. त्यात माया असेलही. पण जी माणसं तिला खरोखर चिमणी म्हणत होती, ती त्याच दिवशी मागे राहत होती.

वडोद्यात या नावाची आणखी एक गंमत झाली, ती बाहेरच्या मंडळींना माहीत नसेल. गुजरातीत चिमणी नाहीच. त्या पक्ष्याला तिथे चकली म्हणतात. नळाच्या तोटीलाही चकली म्हणतात. आणि आमच्या घरी चकली दिवाळीत भाजणीची. त्यामुळे शेजारची गुजराती मुलं आणि आम्ही एकमेकांशी बोलताना काय काय गोंधळ व्हायचा ते विचारू नका. मुद्दा हा की गुजराती कानाला चिमणाबाईतली चिमणी ऐकूच येत नाही. ऐकू आलं तर धुराडं येतं. माझ्या एका गुजराती सहकाऱ्याचा कित्येक वर्षं समज होता की चिमणाबाई म्हणजे चिमनभाईंच्या घराण्यातल्या कुणीतरी. त्यात ‘बाई’ची रया गेली. मुंबईत ‘आमची बाई आली नाही’ म्हणजे भांडीवाली आली नाही. आमच्या गावात बाईची बेन झाली. सुशीलाबाई भाजीवाल्याला, दूधवाल्याला, शेवटी बँकेलाही सुशीलाबेन. चिमणाबेन मात्र कुणी झाल्याचं मी पाहिलं नाही. नाव माणसांतून गेलं आणि दगडावर, पाटीवर राहिलं. ‘चिमणाबाई टॉवरपाशी भेट’ एवढाच त्याचा आता रोजचा उपयोग.

आमच्या घरात मात्र एक चिमणाबाई होती. माझी आजी, वडिलांची आई. आजोबा सरकारी नोकरीत, सरकार म्हणजे अर्थात गायकवाड सरकार. लग्न साधारण १९१० च्या आगेमागे. राणीसाहेबांचं नाव म्हणून ते सुनेला दिलं, असं वडील सांगत. आजी बेळगावकडची. मी विशीत आलो तोवर ती होती. माझ्या ताटातलं उरलेलं तूप भातावर निपटून घ्यायला लावणारी, सातवारांच्या सगळ्या कहाण्या पाठ असणारी. तिचं माहेरचं नाव मला माहीत नाही. वडिलांना माहीत नव्हतं. आईला विचारलं होतं. ती म्हणाली, सासूबाईंना असलं विचारायची पद्धत नव्हती. आजीचे धाकटे भाऊ दोन-तीन वेळा बडोद्याला येऊन गेले, ते तिला ‘अक्का’ म्हणत. अक्का म्हटल्यावर नाव कुठून कळणार?

दोन वर्षांपूर्वी आम्ही चुलत भावंडांनी मिळून वंशावळ तयार करायला घेतली. पुरुषांच्या बाजूनं आठ पिढ्या मागे गेलो. कोण कुणाला दत्तक गेलं, कोण निपुत्रिक, कोण कोकणातून कधी वर आलं, सगळं लागलं. बायकांच्या चौकटीत मात्र चिमणाबाई, लक्ष्मीबाई, रमाबाई, पुन्हा लक्ष्मीबाई. दोन पिढ्यांत दोन लक्ष्मीबाई, आणि दोघी मूळच्या कोण, ते कुणालाच ठाऊक नाही. ज्या बाईनं घरात सात बाळंतपणं काढली, तिचं जन्मनाव सांगायला त्या सातांपैकी एकही पुढे येऊ शकत नाही.

हा नुसता भावनेचा प्रश्न असता तर मी एवढं लिहिलं नसतं. यात पैशाचा प्रश्न आहे, आणि तो मी काउंटरच्या आतल्या बाजूनं पाहिलेला आहे.

आपल्याकडे लग्नात काय होतं बघा. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं सोन्याच्या अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, पेढे वाटायचे. मधलं नाव वडिलांचं होतं ते नवऱ्याचं झालं. आडनाव बदललं. आणि पहिलंही बदललं. तीनपैकी तिन्ही भाग गेले. मग कागदावर ती आधीची मुलगी म्हणून उरलं काय? जन्मतारीख. आणि जुन्या बायकांकडे जन्माचा दाखलाच नसायचा. उरली सही, तर तीसुद्धा नव्या नावाची करायला शिकवायचे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा शहरातल्या एका जुन्या शाखेत होतो. साठीच्या एक विधवा बाई आल्या, हातात मुदत ठेवीची पावती. वडिलांनी लग्नाआधी लेकीच्या नावावर ठेवलेली, अडीअडचणीला असावी म्हणून. वडील होते तोवर तेच तिचं नूतनीकरण करून घेत. पावतीवर माहेरचं संपूर्ण नाव, बाईंच्या रेशनकार्डावर सासरचं संपूर्ण नाव. एकही अक्षर जुळत नव्हतं. नमुना सहीच्या कार्डावर पोरवयातली वळणदार देवनागरी सही होती आणि बाई आता थरथरत्या हातानं वेगळंच नाव लिहीत होत्या. पैसा त्यांचा, हे समोरून स्वच्छ दिसत होतं. पण ‘दिसत होतं’ यावर बँक पैसे देत नाही आणि देऊही नये. त्यांचे एक भाऊ हयात होते. ते आले, प्रतिज्ञापत्र झालं, की अमुक आणि तमुक ही एकच व्यक्ती. हमीपत्र झालं, जामीन झाले, वरच्या कार्यालयाची मंजुरी आली. तीन-चार महिने गेले. पैसे मिळाले.

भाऊ हयात नसता तर? तशाही केसेस पाहिल्या. एका बाईंनी शेवटी नाद सोडला. मुलगा म्हणाला, जाऊ दे आई, रक्कम काही फार नाही. रक्कम खरंच फार नव्हती. पण तिच्या आयुष्यात तिच्या एकटीच्या नावावर असलेली ती एकच गोष्ट होती, आणि ते नावच तिचं राहिलं नव्हतं.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी आई-आजीचे जुने कागद असतील त्यांच्यासाठी एक कामाचं सांगतो. दहा वर्षं हालचाल नसलेल्या खात्यातले पैसे २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जमा होतात. ते बुडत नाहीत, खातेदार किंवा वारस बँकेकडे मागू शकतो. २०२३ पासून ‘उद्गम’ नावाचं पोर्टल आहे, तिथे अशी खाती शोधता येतात. पण शोध नावानं घ्यावा लागतो! तेव्हा सासरच्या नावानं शोधून काही नाही म्हणून बंद करू नका, माहेरच्या नावानंही बघा. आणि माहेरचं नाव माहीत नसेल तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा.

माझी थोरली बहीण हे सगळं वाचून माझ्यावर चिडणार आहे, म्हणून तिची बाजू आधीच मांडतो. तिचं म्हणणं, माहेरी मला सगळे बेबी म्हणायचे, शाळेच्या दाखल्यावरचं नाव आजोबांनी कुणा वारलेल्या आत्याचं लावलेलं, मला कधीच आवडलं नाही. सासरी पहिल्यांदा मला कुणीतरी विचारलं की तुला कोणतं नाव हवं, आणि मी सांगितलं. तिच्या बाबतीत हे खरं आहे, आणि तिचं सासरचं नाव तिला शोभतंही. पण तिला विचारलं होतं. माझा वाद विचारण्या-न विचारण्याचाच आहे. स्वतःचं नाव स्वतःला नको असेल तर बाईनं जरूर बदलावं, पुरुषानंही बदलावं. प्रतिज्ञापत्र करा, जाहिरात द्या, गॅझेटमध्ये छापून घ्या, रीतसर रस्ता आहे. तांदळाचं ताट हा तो रस्ता नव्हे. बायकोनं नाव बदललंच पाहिजे असं सांगणारा कोणताही कायदा नाही, हे मी काउंटरवर शेकडो नवऱ्यांना सांगितलं असेल. त्यातले निम्मे तरी माझ्याकडे संशयानं बघायचे.

दुसरी बाजू अशी की, ‘काका, हा विषय शिळा झाला, आताच्या मुली कुठे नाव बदलतात?’ बदलतात. मागच्याच वर्षी नात्यातल्या एका लग्नात, मुलगी इंजिनियर, चांगल्या पगाराची. पत्रिका जुळावी म्हणून गुरुजींनी आद्याक्षर सुचवलं आणि ताटात दुसरंच नाव उमटलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता तिच्या आधारवर एक, पॅनवर दुसरं आणि पासपोर्टचं भिजत घोंगडं. घरात तिला नव्या नावानं हाक मारतात, ऑफिसात जुन्या. ती हसते, पण मला वाटतं ती थकली आहे.

आमच्या लग्नात, १९७७ साली, ताट आलंच होतं. सौ.नं आधीच बजावलं होतं, म्हणून मी अंगठीनं तिचं आहे तेच नाव लिहिलं. एक आत्याबाई रुसल्या, पेढे मात्र सगळ्यांनी खाल्ले. ज्यांना विधी सोडवत नाही त्यांच्यासाठी हा उपाय सोपा आहे. ताटही राहतं, नावही राहतं.

आणि खुद्द राजवाड्याचं उदाहरण घ्या. दुसऱ्या चिमणाबाईंच्या लेकीनं, इंदिराराजेंनी, ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी ठरलेलं लग्न स्वतः मोडलं आणि १९१३ साली कूचबिहारच्या राजपुत्राशी लग्न केलं. आईवडील दोघंही नाराज होते. पण नाव? इंदिराराजेंच्या इंदिरादेवी झाल्या. इंदिरा ती इंदिराच. ज्या आईला गजरा सोडून चिमणाबाई व्हावं लागलं, तिच्या मुलीनं नाव बरोबर नेलं. एका पिढीत हे झालं होतं. त्यानंतरही आपल्या मध्यमवर्गीय घरांत तांदळाची ताटं आणखी शंभर वर्षं चालू राहिली, याला काय म्हणावं! राजाच्या घरच्या रीती उचलायला आपण तत्पर असतो, पण नेमकी हीच उचलली नाही.

राहता राहिलं ‘चिमणा’ हे नाव. नातीच्या बारशाच्या वेळी मी ते सुचवलं होतं. बाई, राजे काही नको, नुसतं चिमणा. मुलगा म्हणाला, बाबा, शाळेत तिला धुराडं म्हणतील. सून मात्र दोन दिवस विचार करत होती. शेवटी दुसरं ठेवलं, इंटरनेटवर अर्थ बघून. चांगलं आहे तेही. नाव ठेवायचा हक्क आईबापांचा, आजोबांनी सुचवून गप्प बसावं. पण तुमच्यापैकी कुणाच्या घरी बारसं असेल तर या नावाचा विचार करा असं मी आग्रहानं म्हणेन. बोलायला सोपं, अर्थ अस्सल मराठी, कुणाचं उसनं नाही. पाळण्यातल्या मुलीला ते द्या. तिथेच ते शोभतं. पाटावर बसलेल्या नवरीला देऊ नका; ती तिचं नाव घेऊन आलेली असते.

आपल्या समूहात देवास, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, गोवा, हैदराबाद अशा सगळीकडची मंडळी आहेत. एक विनंती करतो. खाली आपल्या आजीची किंवा पणजीची दोन्ही नावं लिहा, माहेरचं आणि सासरचं, आणि कुठून कुठे आली तेवढं गाव. माझ्याकडून मी सुरुवात करतो. सासरचं : चिमणाबाई, वडोदरा. माहेर : बेळगावकडचं, पाठच्या भावांची अक्का.